कॅन्सरमधून उठलेला माणूस आणि त्याचे घर



लावणीचा ऊस तुटून गेला की आपल्या शेतकी खात्याची मंडळी दरवर्षी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतात. खोडव्याकडे दुर्लक्ष करू नका. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट पेटवू नका, नांग्या भरून घ्या, खताची मात्रा वेळेवर द्या. आपण माना डोलावतो आणि घरी जाऊन म्हणतो, 'खोडव्याला काय करायचंय? तो आपोआप येतो.' पुढे टनेज पडले म्हणजे नशिबाला बोल लावतो.

या अंकात आम्ही उसावर लिहीत नाही. परंतु जे लिहायचे आहे ते खोडव्यासारखेच आहे, म्हणून तिथून सुरुवात केली. घरात कुणाला कॅन्सर झाला म्हणजे सारे घर कंबर कसून उभे राहते. पैसा उभा करतात, मुंबई-पुणे गाठतात, रात्र रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात काढतात. ऑपरेशन होते, शेक संपतात, डॉक्टर म्हणतात, 'आता घरी न्या.' आणि घरच्यांना वाटते, संपले. पुढचे आपोआप येईल. आमच्या घरीही असेच वाटले होते. ते चुकीचे होते, आणि ती चूक कशी सुधारली, हे सभासदांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

नंदाखालचे दोन महिने

आमचे एक चुलत बंधू आहेत. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. अडीच एकर ऊस, दोन म्हशी, आणि खिशात तंबाखूची डबी, ती वयाच्या पंधराव्या वर्षापासून. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या गालाच्या आतून चट्टा पडला. तिखट लागेना, मग तोंड पुरते उघडेना. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑक्टोबरात मुंबईला ऑपरेशन झाले. गालाचा व जबड्याचा काही भाग काढला आणि मांडीचे मांस काढून तिथे बसवले. त्यानंतर तीस शेक सांगितले. आठवड्याचे पाच, म्हणजे सहा आठवडे मुंबई सोडता येईना.

राहायचे कुठे? आमची पुतणी विरारच्या पश्चिमेला नंदाखाल येथे भाड्याने राहते. तिचे यजमान विरारला नोकरीस आहेत. तिने हट्टच धरला. म्हणून डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ असे सुमारे दोन महिने तात्या, वहिनी आणि पाळीपाळीने आम्ही, असे नंदाखालला राहिलो.

हे गाव आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी नसावे. २०२० साली उस्मानाबादला, आपल्या ऊसपट्ट्यातच, मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो या नंदाखालचेच. वसई तालुक्यातले हे गाव २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. वस्ती बहुतेक सामवेदी ख्रिस्ती बागायतदारांची. घरात त्यांची स्वतःची बोली, बाहेर आपल्यासारखीच मराठी. केळी, फुले, भाजीपाला, विहिरीचे पाणी. एकेकाळी वसईच्या बागायतीत ऊसही होता, हे ऐकून तात्यांना त्या दिवसांतही हुशारी आली होती. पाटाचे पाणी आणि माती पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सकाळी रिक्षाने विरार स्टेशन, तिथून लोकल. लोकलमध्ये अपंग व कॅन्सरच्या रुग्णांसाठी राखीव डबा असतो, हे आम्हांला आठ दिवस माहीतच नव्हते. आठ दिवस तात्या गर्दीत चेंगरत गेले. माहिती नसली म्हणजे माणसाचे कसे हाल होतात, त्याचे हे छोटे उदाहरण.

पुतणीच्या घरमालकीण मावशी साठीच्या पुढच्या. त्यांच्या यजमानांना २०१५ साली घशाचा कॅन्सर झाला होता. आज ते वाडीत हिंडतात, केळीचे लोंगर उतरवून घेतात. आवाज मात्र घोगरा, अगदी हळू. आम्ही पाहात होतो की त्या घरात आजोबांशी कोणी मोठ्याने ओरडून बोलत नाही, त्यांचे वाक्य कोणी पुरे करीत नाही. ते हळू बोलत, आणि बाकीचे थांबत. नातवंडेसुद्धा थांबत.

एकदा वहिनींनी विचारले, "मावशी, एवढं कसं जमवलं?"

मावशी म्हणाल्या, "आम्हांला कुठं येत होतं बाई! त्या बाईंनी शिकवलं, दवाखान्यातल्या समुपदेशनवाल्या. आम्हां सगळ्यांना बोलावलं होतं, सुनेला पण. मी म्हटलं, आजारी हे आहेत, आम्हांला कशाला? तर म्हणाल्या, आजार ह्यांच्या घशात आहे, पण राहतो तुमच्या सगळ्यांच्या घरात."

त्या गावी आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीतही आम्हांला आवडली. चर्चला जाऊ न शकणाऱ्या आजाऱ्याला घरी जाऊन कम्युनियन द्यायची, ही कॅथलिक लोकांतली जुनी चाल. त्यामुळे आजाऱ्याच्या घराचा उंबरा सुटत नाही. येणारे येतात, प्रार्थना करतात, चार शब्द बोलून जातात. 'कसं झालं, किती खर्च आला, डॉक्टर काय म्हणाले' असली उलटतपासणी नाही. आपल्याकडे भजनी मंडळ आहे, माळकरी आहेत, शेजारधर्म आहे. पण आजाऱ्याकडे गेलो की आपण पहिले वाक्य टाकतो, 'अमक्यालाही हेच झालं होतं, सहा महिन्यांत गेला बिचारा.'

मावशींचे बोलणे आम्ही ऐकले, 'बरोबर आहे' म्हणालो, आणि जानेवारीअखेर शेक संपताच तात्यांना घेऊन गावी आलो. समुपदेशनाला काही गेलो नाही. आम्हांला वाटले, त्याची गरज रडणाऱ्याला. आपले तात्या कुठे रडतात?

घरात काय घडत होते

गावी आल्यावर घरच्यांनी तात्यांना तळहाताच्या फोडासारखे जपले. शेताकडे जाऊ देईनात. उसाची नोंद मुलाने परस्पर केली. तोडीची चिठ्ठी आली ती तात्यांना दाखवली नाही, 'उगाच डोक्याला ताप नको' म्हणून. पाहुणे आले की मुलगा बाहेरच्या बाहेर बोलून त्यांना वाटेला लावी. सुनेने त्यांचे ताट-तांब्या वेगळा काढला. मनात वाईट काही नव्हते, फक्त लहान नातू जवळ आहे ही भीती. वहिनी गोठ्यामागे जाऊन रडत आणि डोळे पुसून घरात येत.

तात्या बोलेनासे झाले. पेज द्यावी तर अर्धी ठेवीत. डॉक्टरांनी जबड्याचा व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. शेकानंतर जबड्याचे स्नायू आखडतात, व्यायाम केला नाही तर तोंड मिटत जाते. तात्यांनी काड्या कोनाड्यात ठेवल्या त्या ठेवल्याच. घरचे म्हणू लागले, 'म्हातारा हट्टी झाला.'

मे २०२३ मध्ये तपासणीला मुंबईस गेलो तेव्हा वजन सात किलोने उतरलेले आणि तोंड जेमतेम एक बोट उघडत होते. डॉक्टरांनी सांगितले, 'रोग पुन्हा दिसत नाही. पण माणूस खचतोय.' आणि समुपदेशनासाठी चिठ्ठी दिली, वर लिहिले, 'कुटुंबासह'. तेव्हा आम्हांला मावशींचे शब्द आठवले.

त्या खोलीतला एक तास

समुपदेशन या शब्दात उपदेश आहे, पण त्या कामात उपदेश नाही, हे आम्हांला त्या दिवशी कळले. आम्हांला वाटले होते, बाई तात्यांना समजावतील : 'धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, खा-प्या.' तसे काहीच नाही.

आधी त्यांनी तात्यांना एकट्यांना आत घेतले आणि विचारले, "घरच्यांपैकी कोण कोण आत यावं असं तुम्हांला वाटतं?" हा प्रश्न आजवर कोणी त्यांना विचारला नव्हता. मग वहिनी, मुलगा, सून आणि आम्ही असे आत गेलो. बाईंनी मुलाला काही विचारले की मुलगा उत्तर देई. तात्यांना विचारले तरी मुलगाच उत्तर देई. दोनदा असे झाल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, त्यांना वेळ लागेल, आपण थांबू." आणि खरोखरच थांबल्या. तो अर्धा मिनिट आम्हांला एका गळीत हंगामाएवढा वाटला.

मग तात्या अडखळत बोलले. "मला शेतातलं काही विचारत नाहीत. म्हणजे माझं संपलंय, हे ह्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं असणार. मग काड्या कशाला चावू?"

घरचे अवाक झाले. त्यांनी ज्याला जपणे म्हटले, त्याचा तात्यांनी निरोप असा अर्थ लावला होता. त्यांनी चिठ्ठी लपवली, तात्यांना वाटले मरण लपवत आहेत. दोन्हीकडे माया होती आणि मधे अबोला होता.

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "घरात तंबाखू कोण कोण खातं?" कोणी बोलेना. तात्याच बोटे वर करून म्हणाले, "तिघं." मुलगा, धाकटा भाऊ, आणि वहिनींची मिश्री. ज्या तंबाखूने नवऱ्याचा गाल नेला तीच भाजून वहिनी रोज सकाळी दातांना लावत होत्या, नवऱ्याच्या देखत. त्यांच्या मनातही आले नव्हते. आणि सोडणाऱ्या माणसासमोर रोज डबी उघडली जात असेल तर त्याने काय करावे? उपचारानंतरही तंबाखू चालू राहिली तर रोग परतण्याचा किंवा तोंडात दुसरीकडे नवा उद्भवण्याचा धोका वाढतो. म्हणजे ती डबी एकट्या तात्यांचा प्रश्न नव्हती, साऱ्या घराचा होती.

शेवटी बाईंनी कागदावर कामे लिहून काढली. सकाळ-संध्याकाळ काड्यांच्या वेळी जवळ बसायचे सुनेने. वेगळे ताट बंद, कारण कॅन्सर ताटावाटे, श्वासावाटे, शिवण्याने पसरत नाही. नातवाला त्याला कळेल असे खरे सांगायचे. उसाचा हिशेब आठवड्यातून एकदा तात्यांपुढे ठेवायचा. मिश्री आणि डबी सोडायची, त्यासाठी वेगळी चिठ्ठी. आणि वहिनींनी आठवड्यातून एक दिवस माहेरी किंवा बहिणीकडे जाऊन यायचे. हे शेवटचे ऐकून वहिनी तिथेच रडल्या. सहा महिन्यांत त्यांना 'तुझं कसं आहे' असे कोणी विचारले नव्हते.

शास्त्र काय म्हणते

आपण सभासद लोक. माती परीक्षणाचा कागद पाहिल्याशिवाय खत टाकू नये हे आपल्याला पटते. तसा या गोष्टीलाही आधार आहे का? आहे, आणि त्याची मर्यादाही आहे.

कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाकडे वैद्यकाने पद्धतशीर पाहायला सुरुवात करून फार वर्षे झालेली नाहीत. न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी १९७७ साली त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याआधी रोग्याला रोगाचे नाव सांगायचे की नाही, यावरच डॉक्टरांत वाद चाले.

१९८९ साली अमेरिकेत ८६ स्त्रियांवरचा एक अभ्यास गाजला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ज्या बाया गटाने बसून मनातले बोलत, त्या जास्त जगल्या असे त्यात दिसले. साऱ्या जगात बोलबाला झाला. पण २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांचे मन फार खचले होते त्यांचे मन सावरले, दुखणेही कमी जाणवले. यातून घ्यायचे ते असे की समुपदेशन हे औषध नव्हे. त्याने गाठ विरघळत नाही. जो कोणी 'शेक सोडा, आम्ही मनाने बरे करतो' म्हणेल त्याला दारात उभे करू नये. पण बरे होऊन जगायचे कसे, ते मात्र त्याने सुधारते.

घरच्यांना सामील करून घेण्याबद्दलही अभ्यास आहेत. मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापिका लॉरेल नॉर्थहाउस यांनी सहकाऱ्यांसह २०१० साली अशा २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. समुपदेशनात आलेल्या घरच्यांचा भार हलका झाला, आजाऱ्याची शुश्रूषा करण्याचा त्यांचा भरवसा वाढला, असे त्यात आढळले. फरक फार मोठा नव्हे, पण खरा. त्यांनी घरच्यांसाठी जी पद्धत बसवली तिची पाच अंगे आहेत : घराने मिळून उघड बोलणे, आशा टिकवणे, ताणाला तोंड देण्याच्या बऱ्या सवयी लावणे, शंका विचारून अनिश्चितता कमी करणे, आणि दुखणे, थकवा, तोंड कोरडे पडणे असल्या त्रासांवर घरच्या घरी इलाज शिकणे. यात परदेशी असे काय आहे? आपल्या आज्या हेच करीत. फक्त कॅन्सरचे नाव आले की आपली जीभ लुळी पडते.

मदत कुठे आहे

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या मुळाशीही एका घरचे दुःखच आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, पण त्यांच्या ट्रस्टने रुग्णालय उभारले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. आपण तिकडे फक्त पैशाच्या मदतीचा अर्ज घेऊन जातो. तिथे समुपदेशनही विचारावे.

स्वयंसेवी संस्थाही आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी १९५१ साली स्थापली. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते. व्ही केअर ही संस्था वंदना गुप्ता यांनी १९९४ साली काढली. त्या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या. त्यांचे अनेक कार्यकर्तेही त्याच वाटेने आलेले, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन येते. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात.

सगळे मुंबईतच आहे असेही नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतील कॅन्सरची देशातील पहिली नोंदवही १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. आपल्या ऊसपट्ट्यातील माणसांनी हे लक्षात ठेवावे.

मुंबईला जाणे जमत नसेल आणि मन फारच घेरले असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ साली ही सेवा सुरू झाली. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि फोन आजाऱ्यानेच करावा असे नाही. शुश्रूषा करणारी बायको किंवा मुलगाही करू शकतो. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्यालाही रेल्वे भाड्यात सवलत देते. म्हणजे रेल्वेलासुद्धा कळले आहे की हा प्रवास एकट्याचा नाही.

बाई आजारी असेल तर

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. वर आम्ही तात्यांची हकिकत सांगितली, तिथे वहिनी, सून, पुतणी साऱ्या राबल्या. पण बाई आजारी पडली की आपल्याकडे चित्र बदलते. स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बाया लाजेने लपवतात. ऑपरेशन होऊन आली की पंधराव्या दिवशी चुलीपुढे. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची भीती राहते. हंडा, वैरणीचा भारा त्या हाताने उचलायचा की नाही, कधीपासून, हे डॉक्टरांना विचारायला हवे आणि सांगितलेला व्यायाम करायला हवा. ते कोणी विचारायचे? नवरा दवाखान्याच्या बाहेर चहा पीत उभा असतो. 'बायकांच्या गोष्टीत आपण काय बोलायचे' म्हणतो.

सभासद बंधूंनो, आत जाऊन बसा. ती तुमची अर्धांगी आहे. तिचे शरीर बदलले म्हणून ती घरात परकी झाली काय, हा प्रश्न तिच्या मनात असतो आणि तो ती कोणाला विचारीत नाही. त्याचे उत्तर समुपदेशक देऊ शकत नाहीत. ते तुम्हीच द्यायचे आहे.

घरच्यांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. आजाऱ्याच्या पाठीमागे रोगाची चर्चा करू नका. त्याला बहुतेक ठाऊक असते. किती ऐकायचे आहे ते त्यालाच विचारा.

२. समुपदेशनाला कोणी यावे ते आजाऱ्याने ठरवावे. त्याला एकट्यालाही वेळ मिळू द्या. काही गोष्टी मुलासमोर बोलता येत नाहीत.

३. त्याचे झेपेल ते काम त्याच्याकडेच ठेवा. नोंदवही, हिशेब, पाण्याची पाळी पाहणे. विश्रांती द्यावी, निवृत्ती लादू नये.

४. तपासणीची तारीख जवळ आली की आजाऱ्याची चिडचिड वाढते, झोप उडते. रोग परतेल ही भीती वर्षानुवर्षे राहते. 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नका. 'मलाही भीती वाटते, आपण बरोबर जाऊ' म्हणा.

५. थकवा हा आळस नव्हे. शेक आणि औषधांनंतर तो कित्येक महिने टिकू शकतो.

६. घरातील तंबाखू, मिश्री, गुटखा सर्वांनी एकदमच बंद करावा.

७. शुश्रूषा करणाऱ्याचीही पाळी लावा. एकाच बैलाला दोन्ही वेळ जुंपले तर तो बसतो.

८. जेवण तुटले, झोप गेली, मरणाची भाषा सुरू झाली, तर वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

आपल्या कार्यक्षेत्रात काय करता येईल

शेवटी एक सूचना. आपल्या प्रत्येक गटात कॅन्सरमधून उठलेली दोन-चार माणसे सापडतील. त्यांच्यापैकी जे स्वखुशीने तयार असतील त्यांनी नव्या रुग्णाच्या घरी एकदा जाऊन यावे. उपदेश करायला नव्हे, राखीव डबा कुठे, धर्मशाळा कुठे, चिठ्ठी कोणाकडे मागायची, हे सांगायला. गट ऑफिसात अशा मंडळींची यादी त्यांच्या परवानगीने ठेवता येईल. आमच्या मते त्याला फारसा खर्च नाही. संचालक मंडळाने विचार करावा.

आणि हंगामात आपल्या फडात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांना विसरू नये. त्यांच्यातला कोणी आजारी पडला तर त्याचे घर पन्नास कोसांवर असते, नाहीतर कोपीत असते. त्याला 'कुटुंबासह या' म्हणणे सोपे, आणणे अवघड. तिथे मुकादमाने आणि आपण कुटुंब व्हायचे.

तात्यांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्या मे महिन्यानंतर सुनेने घड्याळ लावून काड्या धरवल्या. पहिले पंधरा दिवस दोघेही वैतागले, मग नातू काड्या मोजू लागला. वहिनींची मिश्री सुटायला चार महिने लागले. मुलाची डबी दोनदा सुटून दोनदा परत आली आणि तिसऱ्यांदा सुटली आहे. तेवढ्यावरून त्याला कोणी टोचत नाही. तात्यांचे तोंड अजून पुरते उघडत नाही, तिखट चालत नाही, बोलणे समजायला नव्या माणसाला वेळ लागतो. जे गेले ते गेले.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही सारे पुतणीकडे नंदाखालला गेलो होतो. मावशींनी सुकेळी पुढे ठेवली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती, चिवट आणि गोड. पहिल्या खेपेस तात्यांनी ती नुसती पाहिली होती. या खेपेस त्यांनी एक तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि बराच वेळ, पाणी पीत पीत, चावला. मावशींचे यजमान शेजारीच बसले होते. कोणी काही बोलले नाही. सगळे थांबले होते.

येत्या हंगामाच्या नोंदीला तात्या स्वतः गट ऑफिसात येतील. त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत कृपया थांबावे, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.